दोघांच्या घरची परसबाग
(हातकणंगले येथील बैठकीतील भाषण)



मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला. आता घरात आम्ही दोघंच. मला सर्वांत जड गेली ती संध्याकाळ. कान सारखे दाराकडे लागायचे. म्हणून ती वेळ मी परसाला दिली.

खर्च फारसा नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडली. आपल्याकडे उसाच्या पाचटाला तोटा नाही. ते मातीवर पसरलं की ओल टिकते. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांनाच जातं. मेथी, कोथिंबीर, घेवडा आता घरचा.

बियाण्याची वाट दाखवली राहीबाई पोपेरे यांनी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजातल्या. शाळा मिळाली नाही, पण गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. संकरित वाणाचं घरी धरलेलं बी पुढे तसंच उतरत नाही, म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गावठी घेवड्याच्या चार निरोगी शेंगा वेलावरच वाळू द्या, दाणे राखेत ठेवा. पुढच्या हंगामाची सोय झाली.

आदिवासी बांधवांना काय द्यावं, हे आपण नेहमी बोलतो. इथे घेणारे आपण आहोत, हेही ध्यानात असू द्या.

मुलांची आठवण येतेच. पण परवा मुलीनं बाल्कनीत लावायला माझ्याकडून बी मागून घेतलं. ज्यांच्या घरी आता दोघंच किंवा एकटंच कुणी आहे, त्यांनी बी न्यायला जरूर यावं. चहा होईल, बोलणं होईल.