मणका मोडला, माणूस मोडू नये
(असोदा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. १८८० साली याच गावी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या काव्याची थोरवी सर्वज्ञात आहे. परंतु ओंकार या त्यांच्या मुलाला कायमचे अपंगत्व आले, हे दुःख फारसे बोलले जात नाही. घरातील अपंगत्व ही त्या काळी केवळ त्या घराची, आणि त्यातही आईची जबाबदारी मानली जाई. शंभर वर्षांनंतर या स्थितीत किती पालट झाला, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि शरीर यांना जोडणारा राजमार्ग. मोटारसायकलचा अपघात, झाडावरून, धाब्यावरून किंवा विहिरीत पडणे, अशा एका क्षणात तो दुखावतो. हाड जुळते, मज्जारज्जू मात्र पूर्ववत जुळविणारे औषध अद्याप सापडलेले नाही. पायांतील शक्ती जाते, स्पर्श जातो आणि मलमूत्रावरचा ताबाही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक लोक ही दुखापत घेऊन जगत आहेत. त्यांच्यातील अकाली मृत्यूचे प्रमाण गरीब व विकसनशील देशांत सर्वाधिक आहे.

जखम एक, घात दुसऱ्याचा

पहिल्या महायुद्धात कणा दुखावलेले बहुतेक सैनिक दगावले. ते दगावले मुख्यतः शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी हा क्रम मोडला. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या या ज्यू वैद्याने रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याची शिस्त लावली, त्याला कामाला लावले, खेळायला लावले. १९४८ साली तेथे सोळा जणांच्या स्पर्धा झाल्या. पॅरालिम्पिकचे बीज त्यातच आहे.

या उपचारात महागडे यंत्र नाही. आहे ती शिस्त आणि शिक्षण. आपल्याकडे नेमकी तीच उणीव राहते. शस्त्रक्रिया होते, पट्ट्या-स्क्रू बसतात, रुग्ण घरी येतो. पुढे काय करायचे, हे पुष्कळदा कोणी सांगत नाही. अंगाला संवेदना नसल्याने जखम होते ती कळत नाही. कोणीतरी सांगितले म्हणून पाय शेकले जातात, कातडी भाजते, तेही कळत नाही. मूत्राशय वेळेवर रिकामे न झाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. स्वच्छ नळीने दर चार ते सहा तासांनी मूत्राशय रिकामे करणे घरच्या घरी शिकता येते. अनेक रुग्ण ते स्वतःच करतात. दिवसातून एकदा आरशाने पाठ व टाचा तपासणे, खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलणे, एवढ्या सवयींनी आयुष्य वाढते.

महाराष्ट्रातील दीपस्तंभ

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली, हा समाजाच्या विस्मृतीचाही हिशेब आहे. एव्हरेस्टवीर मेजर एच. पी. एस. अहलुवालिया हेही त्याच युद्धात जायबंदी झाले; त्यांनी पुढे दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभे केले. जायबंदी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सोळाव्या वर्षी चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली आणि शेकडो अपंगांना शिक्षण व रोजगार दिला.

जवानाला खडकी आहे. खान्देशातील शेतमजुराला कोण आहे? या प्रश्नाचे उत्तर केवळ सरकारकडे मागून भागणार नाही.

करावयाचे काम

अपघातस्थळी जखमीला हात-पाय धरून उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे अपरिहार्यच असेल, तर तीन-चार जणांनी डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्यास फळीवर किंवा घराच्या दारावर घ्यावे. शाखेतील प्रत्येक तरुणाला हे एका सायंकाळी शिकविता येईल.

दुसरे काम घरोघरचे. गावात असा रुग्ण आहे का, याची नोंद ठेवावी. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात खुर्चीबरोबर हवेची गादीही असावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिले आहे. पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याला फेऱ्या मारणे रुग्णाला एकट्याने शक्य नसते. तेथे सोबत लागते. मंदिर, शाळा व ग्रामपंचायत यांच्या पायऱ्यांशेजारी उतार हवा; एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा, म्हणजे खुर्ची स्वतः ढकलत वर जाता येते. २००८ साली नागपुरात सुरू झालेली ‘सक्षम’ ही संघटना दिव्यांगांसाठीच काम करते. तिच्याशी गावाने जोडून घ्यावे.

तिसरे काम त्या माउलीचे, त्या पत्नीचे. रात्री दर दोन तासांनी उठणारी तीच असते. आठवड्यातून एक रात्र तिला पुरती झोप मिळावी, म्हणून शेजारच्या दोघांनी पाळी घेतली, तर ते मोठे सेवाकार्य ठरेल. या सेवेला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. पाळीच्या यादीत नाव घालणारी माणसे लागतात. ती यादी आज, येथून उठण्यापूर्वी तयार व्हावी.