हरण्याचा पगार

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, छापताना थोडी काटछाट केली आहे.)



ऑनलाइन खेळातल्या लढायांच्या बक्षिसांवर मी बोलणार, अशी व्याख्यानमालेची पत्रिका आमच्या सोसायटीच्या फलकावर लागली, तेव्हा तळमजल्यावरच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "अहो, लढाई एकदा जिंकली की जिंकली. तीच लढाई पुन्हा पुन्हा लढायची आणि वर दर वेळी बक्षीस? पानिपत काय दर शनिवारी होतं का?" मी म्हटलं, "काका, आमच्या धंद्यात होतं. आणि शनिवारी नाही झालं तर रविवारी लोक तक्रार करतात."

काकांचा प्रश्न मात्र खरा आहे. ऑनलाइन खेळातली एक मोठी लढाई उभी करायला चित्रकार, प्रोग्रॅमर, संगीतवाले सगळे मिळून महिनेच्या महिने खपतात. खेळणारा ती तासाभरात संपवतो आणि विचारतो, "पुढे?" पुढे काही नसतं. मग तीच लढाई परत मांडायची. नाटकाचे शंभर प्रयोग होतात, पण तिथे प्रेक्षक बदलतात. इथे प्रेक्षक तोच, नटही तोच, आणि शेवट त्याला पाठ. अशा माणसाने एकशे एकाव्या प्रयोगाला का यावं? त्याचं उत्तर म्हणजे बक्षीस. ते ठरवणं हे माझं पोट भरण्याचं काम आहे, आणि ते मी एकदा फार वाईट केलं. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या एका खेळात गड जिंकण्याची लढाई होती. पाच जणांनी मिळून गड घ्यायचा. जिंकलात तर शंभर मोहरा, हरलात तर तीस. हे तीस माझ्या आग्रहाने घातले होते. नवख्या पोरांचा हिरमोड होऊ नये, एवढाच उदात्त हेतू. एक लढाई साधारण बारा मिनिटं चालायची. पहिल्या आठवड्यात आकडे आले ते असे: लढाया भरमसाट आणि विजय जवळजवळ शून्य. आम्हाला वाटलं, गड फार अवघड झालाय. मी दरवाजा कच्चा केला, तटावरचे पहारेकरी कमी केले. फरक नाही. शेवटी एका रात्री मी दुसऱ्या नावाने स्वतः खेळायला बसलो. बरोबर चार अनोळखी. नगारा वाजला आणि चौघांनीही गडाकडे पाठ फिरवून कड्यावरून दरीत उड्या टाकायला सुरुवात केली. मी एकटा तलवार उपसून उभा. चॅटमध्ये एकाने लिहिलं, "दादा, मरा ना लवकर, टाइम जातोय."

त्याचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. उडी मारून हरायला, पुढची लढाई लागण्याचा वेळ धरून, चाळीस सेकंद लागत. म्हणजे बारा मिनिटांत अठरा वेळा हरता येई. अठरा गुणिले तीस, पाचशेचाळीस मोहरा. तेवढ्याच वेळात जीव तोडून जिंकणाऱ्याला शंभर. मी बक्षीस लढाईमागे मोजलं होतं, खेळणाऱ्याने ते मिनिटामागे मोजलं. आणि गंमत म्हणजे उड्या मारणाऱ्या त्या चौघांना त्यात काडीची मजा येत नव्हती. त्यांना गडच घ्यायचा होता. पण शहाणा माणूस पाचशे सोडून शंभर कसे घेईल?

मी त्या रात्री शिकलो ते एवढंच: खेळाचे नियम पुस्तिकेत लिहिलेले नसतात, ते बक्षिसात लिहिलेले असतात. तुम्ही ज्याचे पैसे देता ते लोक करतात, ते कितीही कंटाळवाणं असलं तरी. दुसऱ्या दिवशी आम्ही हरण्याचा पगार बंद केला नाही, बदलला. पहिला दरवाजा फोडून हरलात तर वीस, दुसरा फोडून हरलात तर पन्नास, दरीत उडी मारलीत तर शून्य. शिवाय दिवसातल्या पहिल्या विजयाला दुप्पट.

माझी चूक लहान कंपनीतली, म्हणून झाकली गेली. मोठ्यांच्या चुका जगाला दिसतात. 2014 च्या सप्टेंबरमध्ये बंगी या कंपनीचा 'डेस्टिनी' हा खेळ आला. त्यात एका ठिकाणी एक गुहा होती. गुहेतून शत्रू बाहेर यायचे, मारले की लगेच नवे यायचे. लोकांनी हे हेरलं. मग काय, परग्रहांवरच्या मोहिमा सोडून माणसं त्या गुहेसमोर ओळीने उभी राहिली आणि अंधारात गोळ्या झाडत बसली. पडलेला माल गोळा करायचा, परत उभं राहायचं. कंपनीने त्याच महिन्यात ती गुहा बंद केली. पण गुहेची आठवण इतकी पक्की बसली, की 2021 च्या डिसेंबरमध्ये त्याच कंपनीने 'डेस्टिनी 2' मध्ये त्या गुहेतून सुरू होणारी एक अख्खी मोहीम काढली. तिची गोष्ट लोभापायी बुडालेल्या माणसांची. स्वतःच्या चुकीवर इतकी महागडी टिंगल मी दुसरी पाहिलेली नाही.

आता शब्दांची जादू. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ब्लिझार्ड कंपनीचा खेळ 2004 च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला. त्याआधीच्या चाचण्यांत बनवणाऱ्यांनी एक सद्हेतूचा नियम केला होता: माणूस फार वेळ सलग खेळला की त्याला लढायांमधून मिळणारा अनुभव निम्मा व्हायचा. हेतू हा की उठावं, जेवावं, झोपावं. लोक भडकले. दंड कसला करता? मग कंपनीने आकड्यांची फक्त पाटी बदलली. जो दर पूर्ण होता त्याला 'विश्रांतीनंतरचा दुप्पट दर' असं नाव दिलं, आणि जो निम्मा होता त्याला 'नेहमीचा'. पातळी चढायला लागणारा अनुभव त्या प्रमाणात वाढवला. गणित तेच. पण आता झोपून उठणाऱ्याला बक्षीस होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे दुकानदार आधी किंमत वाढवून मग सवलत देतो, त्यातला प्रकार. फक्त इथे गिऱ्हाइकाची झोप होते.

बरं, बक्षीस दर वेळी सारखंच द्यावं का? शंभर मोहरा, शंभर मोहरा, शंभर मोहरा. याला नोकरी म्हणतात. म्हणून आमच्यातले लोक नशीब आणतात: राक्षस मेला की कधी काही पडेल, कधी नाही. इथे कोणीतरी हटकून मानसशास्त्रज्ञ स्किनरची कबुतरं काढतो. स्किनर आणि फर्स्टर यांचं 1957 चं पुस्तक आहे. दाणा कधी मिळेल याचा अंदाज नसलेलं कबुतर चोच मारणं सहजासहजी सोडत नाही, असं त्यात दाखवलं आहे. खरं आहे. पण कबुतराला शेजारच्या पिंजऱ्यातल्या कबुतराला काय मिळालं हे कळत नाही. आमच्या खेळणाऱ्याला कळतं, आणि सगळी भांडणं तिथून निघतात.

जरा आकडेमोड करू, शाळेतलीच आहे. एक तलवार आहे, ती मिळण्याची शक्यता शंभरात एक. सामान्य माणूस मनात म्हणतो, शंभर वेळा लढलो की मिळेल. चूक. शंभर लढायांनंतरही ती न मिळण्याची शक्यता जवळजवळ 37 टक्के उरते. तीनशे लढायांनंतर 5 टक्के. तुमचा खेळ एक लाख लोक खेळत असतील, तर पाचशे लढाया लढूनही साडेसहाशे माणसं रिकाम्या हाताची राहणार. कागदावर हे काहीच नाही, एक टक्क्याच्या आत. पण ती साडेसहाशे माणसं सगळ्यात निष्ठावान असतात. पाचशे वेळा दुसरं कोण येणार? म्हणजे आपण नेमक्या सगळ्यात प्रामाणिक भक्ताला देवळाच्या दारात चपलेने मारतो.

यावर एक देखणा उपाय आहे, तो ब्लिझार्डच्याच 'वॉरक्राफ्ट 3' या खेळात सापडतो. तिथे एखाद्या योद्ध्याचा जोरकस वार लागण्याची शक्यता 25 टक्के अशी सांगितलेली असते. पण आत यंत्र दर वेळी 25 चा फासा टाकत नाही. पहिल्या वाराला शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास. चुकला, तर दुसऱ्याला सतरा. चुकला, तर तिसऱ्याला साडेपंचवीस. असं वाढत जाऊन बाराव्या वाराला खात्रीच. लागला की परत साडेआठपासून. लांबवरची सरासरी 25 टक्केच येते, पण लागोपाठ वीस वेळा कपाळ फुटणं बंद होतं, आणि लागोपाठ चार वेळा लॉटरीही कमी होते. बक्षिसांनाही हेच लावावं. नशिबाला वर छत नसलं तरी चालेल, खाली जमीन हवी. 2007 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या पुरवणीत त्यांनी ही जमीन वेगळ्या तऱ्हेने घातली: अवघड मोहिमांतला मोठा शत्रू मेला की प्रत्येकाला एक बिल्ला नक्की, बिल्ले साठवा आणि दुकानात हवी ती वस्तू घ्या. नशीब फुटकं असलेल्यालाही घरी जाताना काहीतरी हातात. मला विचाराल तर दोन्ही एकत्र हवेत. नुसते बिल्ले म्हणजे रेशनचं दुकान, नुसता फासा म्हणजे मटका.

आता वाटप. याच खेळात सुरुवातीला 'मोल्टन कोअर' नावाची मोहीम होती. चाळीस माणसं लागायची. आणि शत्रू मेला की वस्तू पडायच्या दोन-तीन. चाळीस जण, दोन तलवारी, आणि ती लढाई आठवड्यातून एकदाच मोजली जायची. भाऊबंदकी कशी झाली असेल ती कल्पना करा. पण यावरची तोड खेळ बनवणाऱ्यांनी काढली नाही, खेळणाऱ्यांनी काढली, आणि तीही आधीच, 1999 मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळात. 'आफ्टरलाइफ' नावाच्या एका टोळीने हिशेबाची वही घातली. जो लढाईला हजर राहील त्याच्या नावावर गुण. वस्तू हवी असेल तर ते गुण खर्च करायचे. त्या गुणांना नाव पडलं 'ड्रॅगन किल पॉइंट्स', कारण मारायचे ते नागाफेन आणि वॉक्स हे दोन ड्रॅगन होते. पुढे जगभरच्या टोळ्यांनी ही पद्धत उचलली.

ही गोष्ट वाचताना मला सभासद बखर आठवली. त्यात शिवछत्रपतींच्या लष्कराचा कायदा दिला आहे: आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणी. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी, परतताना झाडा. जास्तीचं काही निघालं तर त्याची किंमत पगारातून वजा. लूट ज्याच्या हाती लागली त्याची नाही. दरवर्षी तीच मोहीम काढायची असेल तर वही लागते, हे ओळखायला संगणक लागत नाही.

आणखी एक दुखणं सांगतो, ते खेळणाऱ्याला दिसत नाही. प्रत्येक लढाईत मिळालेली मोहर कुठून येते? हवेतून. दरबारी टांकसाळ चोवीस तास चालू. आमच्या भाषेत याला नळ म्हणतात, आणि नळ असला की मोरी हवी. चिलखताची दुरुस्ती, घोड्याची किंमत, बाजारातला कर, या सगळ्या मोऱ्या. मोरी तुंबली की काय होतं ते ब्लिझार्डच्याच 'डायब्लो 2' या खेळात दिसलं. सोनं इतकं झालं की त्याला कोणी विचारेना. लोक आपापसात 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाच्या अंगठीत व्यवहार करू लागले. अंगठी हे चलन! 'डायब्लो 3' मध्ये, 2012 साली, कंपनीने यावर अतिशहाणपणा केला. खेळातच लिलावघर उघडलं, खऱ्या पैशांचंही. लोकांना कळलं की राक्षस मारण्यापेक्षा दुकानात बसणं फायद्याचं. लढाईत मिळालेली तलवार बाजारातल्या तलवारीपेक्षा नेहमीच हलकी वाटायला लागली. खेळाचं नाव राहिलं, खेळ उठून गेला. 18 मार्च 2014 ला लिलावघर बंद झालं. त्याच सुमारास बक्षिसांची रचनाही बदलली: वस्तू कमी पडायच्या, पण पडल्या तर तुमच्याच योद्ध्याला शोभतील अशा. माझ्या मते एखाद्या कंपनीने चूक मान्य करण्याचं याहून धीट उदाहरण या धंद्यात नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. फासा लढून टाकायचा असेल तर तो खेळ. तोच फासा विकत घेऊन टाकायचा असेल, तर मी त्याला खेळ म्हणायला तयार नाही. आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या विकाऊ पेट्या हा त्यातलाच प्रकार; बेल्जियमने 2018 मध्ये त्यांना जुगार ठरवलं. चीनने 2017 पासून कंपन्यांना शक्यतेचे आकडे जाहीर करायला लावले. आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पण लहान मुलाने वडिलांच्या फोनवरून चकाकणारी पेटी विकत घेतली आणि आत फक्त टोपी निघाली, हा प्रकार अजून सुखाने चालू आहे. ती पेटी बनवणारे माझेच भाईबंद आहेत, हे मी इथे उभं राहून कबूल करतो.

समोर पालक बरेच दिसतायत. घरी गेल्यावर मुलाला "किती वेळ खेळलास?" हे आज विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. "हरल्यावर काय मिळतं रे?" एवढं विचारा. आणि मग खुर्ची ओढून बसा, तो अर्धा तास थांबणार नाही.