वर्षाची पक्षियादी



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्हां उभयतांस बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषयाचा शोध घ्यावा लागला नाही. दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा आणि दिल्लीतील अंतरे यांतून वर्षाकाठी जो वेळ वाचतो, त्याचा हिशेब आमच्या घरी एका वहीत लिहिलेला असतो. ती वही पक्ष्यांची.

पद्धत साधी आहे. १ जानेवारीला नवे पान उघडावयाचे आणि ३१ डिसेंबरपर्यंत जो पक्षी प्रथम दिसेल त्याचे नाव, तारीख व स्थळ लिहावयाचे. जन्मभराची एकच यादी ठेवणारे पुष्कळ आहेत. परंतु तीत कावळ्यास एकदा स्थान मिळाले की पुढे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वार्षिक यादीत तो दर वर्षी पुन्हा नवा होतो. जानेवारीच्या धुक्यात दूध घेऊन परतताना पहिला मान बहुधा त्याचाच. क्वचित घार त्याच्या आधी येते.

पक्षिनिरीक्षणास रजा आणि जीप लागते, असा एक समज आहे. आमची निम्म्याहून अधिक यादी कार्यालयाच्या वाटेवर भरते. बसथांब्यासमोरील पिंपळावर तांबट आणि राखी धनेश, हिरवळीवर सप्टेंबरात उतरणारा धोबी, जूनच्या अखेरीस पावसाची वर्दी देणारा चातक. प्राणिसंग्रहालयातील तळ्यांवरचे चित्रबलाक यादीत घ्यावेत का, असे एका स्नेह्यांनी विचारले होते. अवश्य घ्यावेत, ते पिंजऱ्यातले नव्हेत. १९६० पासून हे रानचे पक्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात स्वेच्छेने तेथे येतात, बेटांवरील झाडांत घरटी करतात आणि पिले मोठी झाली की वसंतात निघून जातात. जेवणाच्या सुटीत एवढे वैभव पाहावयास मिळणारी राजधानी जगात फारशी नसावी. हिवाळ्यातला एखादा रविवार मात्र आम्ही ओखल्याच्या बंधाऱ्यासाठी किंवा सुलतानपूरसाठी राखतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस: यांच्यासाठी पहाटेची झोप मोडावीच लागते.

प्रथमदर्शनाची तारीख लिहिणे सोपे. अखेरच्या दर्शनाची तारीख कोण लिहितो? आमच्या जुन्या वह्यांत पांढऱ्या पाठीचे गिधाड जानेवारीतच येई. मग ते पानांवरून उतरत मार्च, मे करीत एका वर्षी आलेच नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करीत होते. २००६ साली गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तोवर या जातीची देशातली गिधाडे हजारी एखादे उरण्याच्या बेतास आली होती. भरतपूरला येणारे सैबेरियाचे पांढरे क्रौंचही २००२ नंतर तेथे दिसलेले नाहीत. तेव्हापासून आम्ही वहीत दुसरा रकाना आखला आहे: वर्षातील शेवटचे दर्शन. तो पेन्सिलीने लिहावा लागतो. कारण साळुंकी आज दिसली की कालची तारीख खोडावयाची. रात्रीच्या जेवणानंतर हे काम पाच मिनिटांचे असते, पण त्या पाच मिनिटांत घरातील चौघांनाही दिवसभर कोठे काय दिसले ते सांगावे लागते.

नावे आम्ही मराठीतच लिहितो. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' त्यासाठी शेजारी असतो. वनखात्यात नोकरी करीत असतानाच त्या थोर माणसाने रानातल्या लोकांकडून नावे गोळा केली. नोकरीमुळे सवड मिळत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी नावे शिकतात, तेव्हा वहीवरून घरात वाद होतात. उन्हाळ्यात आमच्या खिडकीसमोरच्या कडुनिंबावर पावशा ओरडतो. आमच्या आजोळी तो शेतकऱ्यास 'पेर्ते व्हा' म्हणून सांगत असे. येथील शेजारीणबाईंना तोच पक्षी 'पी कहाँ' असे प्रियकरास विचारताना ऐकू येतो, आणि साहेबास तो 'ब्रेनफीव्हर' म्हणताना ऐकू आला. पक्षी एक, गळा एक. धाकट्या मुलीने एकदा विचारले, "आई, मग तो खरे काय म्हणतो?" आम्ही दोघेही गप्प राहिलो. तिनेच नंतर खिडकीशी कान देऊन निकाल दिला की मे महिन्यात तो हिंदी बोलतो आणि पाऊस जवळ आला की मराठी. आम्हांस हा निकाल मान्य आहे. वहीत तो तिच्याच अक्षरात आहे.

असो. वह्या सभागृहाच्या मागील टेबलावर ठेविल्या आहेत. आपल्या गावी कोतवालास, टिटवीस, वेड्या राघूस काही निराळे नाव असेल, तर ते गावाच्या नावासह शेवटच्या पानावर लिहून ठेवावे, ही विनंती. पेन्सिल दोरीने बांधलेली आहे.