रक्तगट, ताट आणि आपले जिल्हे



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या माझ्या हाती दिल्या आहेत. बहुतेकांत विचारणा एकच: "माझा गट ओ आहे, गहू सोडू का?" "मुलीचा गट ए आहे, तिची अंडी-मासळी बंद करायची का?" उत्तर आधीच सांगतो: रक्तगट पाहून काहीही सोडू नका. आता कारणं ऐका.

रक्तगटानुसार खाण्याचा हा आहार आला अमेरिकेतून. निसर्गोपचारक पीटर डी'अडामो यांनी १९९६ साली पुस्तक लिहून तो मांडला. त्यांच्या मते ओ गट शिकारी पूर्वजांचा, म्हणून मांस खा. ए गट शेतकऱ्यांचा, म्हणून शाकाहार करा. बी गट पशुपालकांचा, म्हणून दूधदुभतं चालेल. पण ए आणि बी गट गिबन वानरांतही सापडतात. माणसाने नांगर धरण्याच्या लाखो वर्षं आधीपासून हे गट आहेत. दुसरा दावा असा की, अन्नातली लेक्टिन नावाची प्रथिनं चुकीच्या गटाच्या रक्तात गुठळ्या करतात. पण डाळी-कडधान्यं नीट भिजवून शिजवली की त्यांतली बहुतेक लेक्टिनं निकामी होतात.

"पण शेजाऱ्याला गुण आला," असंही एका चिठ्ठीत आहे. येऊ शकतो. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १,४५५ जणांचा आहार तपासला; २०१४ साली निष्कर्ष छापून आले. ए गटाचा म्हणून सांगितलेला, भाजी-फळं-धान्यांचा आहार घेणाऱ्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल चांगलं होतं. मात्र गट कोणताही असो, लाभ तोच. गुण भाजीचा आहे, गटाचा नाही.

मग रक्तगट सांगतो काय? प्रयोगशाळेत काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब ठेवतात. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी मिसळून पट्टी हलवतात. जिथे रक्त रव्यासारखं फुटतं, त्यावरून गट ठरतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट ओळखले आणि त्यामुळे रक्त देणं-घेणं सुरक्षित झालं. या तपासणीचं खरं काम तेच.

आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मात्र रक्ताची दुसरी एक तपासणी फार मोलाची आहे. लहान नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची शंका, मग इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीने खात्री. तिच्या अहवालात एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला हिवतापाच्या गंभीर रूपापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

सिकलसेलच्या रुग्णाने काय खावं? भात, डाळ, अंडी, मासळी, मोहाची फुलं, तरोट्याची भाजी, नीट उकळलेले वास्ते (बांबूचे कोंब), ओळखीच्याच सात्या (अळिंबी): सगळं खावं. पाणी भरपूर प्यावं. तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हात तहानलेलं राहिलं किंवा रोवणीत दिवसभर भिजलं की हाडं ठणकायला लागतात. फॉलिक ॲसिड आणि सांगितलेल्या गोळ्या चुकवू नयेत. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. वारंवार रक्त घेणाऱ्याच्या शरीरात लोह साठतं. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रक्तावरून एखादं अन्न वर्ज्य ठरतं ते जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर. अशा माणसाने बाकल्याच्या शेंगा टाळाव्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिवतापावरचं प्रायमाक्विन घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं; त्या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात.

म्हणून पोटतिडकीने सांगतो. ज्या घरात मुलीचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिथे गटाच्या नावाखाली तिच्या ताटातलं अंडं काढून घेणं हा तिच्यावर अन्याय आहे. तेच पैसे आणि तोच उत्साह तपासणीला लावा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. सोयरीक जुळवण्याआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही ती करून घ्यावी. वाहक असणं हा कलंक नाही. कोणाचं लग्न त्यावरून मोडू नये, पण दोघांनाही ते ठाऊक असावं.

आणि तुमचा रक्तगट कळला असेल तर तो रक्तपेढीत नोंदवा. सिकलसेलच्या लेकरांना रक्त लागतं, आणि ते त्यांच्या गटाशी जुळणारं लागतं.