अनुभव कोणाचा, ज्ञान कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सातारा-सांगलीच्या खेड्यांना पाहणीवाले नवे नाहीत. कोणी ओसरीवर येऊन बसतो. घरात माणसे किती, जमीन किती, कर्ज किती, दुखणे कोणते, हे विचारतो. पूर्वी हातात कागद असे, आता फोन असतो. चहा होतो, पाहणीवाला निघून जातो. त्या उत्तरांचे पुढे काय झाले, हे उत्तर देणाऱ्याच्या कानावर क्वचितच येते. श्रमाच्या फळावर श्रमिकाचा हक्क सांगणाऱ्या चळवळीने अनुभवाच्या फळाबद्दलही हाच प्रश्न विचारावयास हवा.

याचा अर्थ संशोधनाला विरोध असा नव्हे. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याचा जमाखर्च हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय केला; वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्या आळसावर आणि लग्नकार्यातील उधळपट्टीवर फोडणाऱ्यांना उत्तर द्यावयाचे तर असे काटेकोर आकडेच हवेत. परंतु तो ग्रंथ इंग्रजीत निघाला. ज्यांच्या हिशेबांवर तो उभा होता, त्यांपैकी फारच थोड्यांना तो वाचता आला असता. ती त्या काळाची मर्यादा होती. आजही तीच रीत चालू राहिली तर तिला मर्यादा म्हणता येणार नाही; तो अन्याय ठरेल.

दुसरी वाट सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याने दाखविली. १९८२ च्या संपात मुंबईहून गावी परतलेले गिरणी कामगार आणि दुष्काळाने रोजगार हमीच्या कामावर आणलेले शेतकरी यांच्यातून तेथे मुक्ती संघर्ष चळवळ वाढली, डॉ. भारत पाटणकर तिच्या आघाडीवर होते. खडी फोडून दुष्काळ हटेल काय, हा प्रश्न मजुरांचा होता. तो घेऊन त्यांनी लोकविज्ञानाच्या कार्यकर्त्यांना आणि के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याला सोबत घेतले. येरळा नदी का आटली, पिके कशी बदलली, वाळू कोण नेतो, याचा शोध लोकांनी स्वतः घेतला. त्यातून बलवडी आणि तांदुळवाडीचे बळीराजा धरण उभे राहिले. नदीतील थोडी वाळू विकून लोकांनी पैसा जमविला आणि पाण्याचा हक्क भूमिहीनांसह सर्वांना समान, असे ठरविले. लोक प्रश्न विचारू लागले म्हणून शास्त्र उणे झाले नाही. उलट ते कामी आले.

आता अलीकडचे पाहा. मे २०२० मध्ये करोनाच्या संसर्गाचा अंदाज घेण्यासाठी देशभर रक्तनमुन्यांची पाहणी झाली. महाराष्ट्रातील सहा जिल्ह्यांत सांगली होती. दर जिल्ह्यातून सुमारे ४०० जणांचे नमुने घ्यावयाचे होते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा कार्यकर्त्या घरोघर हिंडल्या. ताप आणि रक्तातील प्राणवायू मोजून नोंदी फोनवर भरल्या गेल्या. शासनाला आकडे मिळाले. पण कोणत्या घराने दार उघडले नाही, दुखणे लपविण्यामागे भय कशाचे होते, रेंज नसलेल्या वाडीतली नोंद कशी भरली, हे जिला ठाऊक, तिच्या अनुभवासाठी रकाना कोठे होता? जून २०२१ मध्ये या स्त्रियांना मानधनासाठी संपावर जावे लागले. ज्ञानाच्या इमारतीचा पाया घालणाऱ्यांना तिच्या ओसरीवरही जागा नाही, असा हा व्यवहार आहे.

येथे एक सावधगिरी हवी. अनुभव म्हणजेच सत्य, असे मानणे भाबडेपणाचे होईल. गावाचा आवाज म्हणून पुष्कळदा गावातील वरचढांचाच आवाज पुढे येतो. दलित वस्तीचा आणि सुनेचा अनुभव चावडीवर पोचत नाही. तो शोधावयास विद्यापीठाची शिस्त लागते. म्हणून विद्यापीठ विरुद्ध लोक असा सामना लावू नये. मागणी भागीदारीची असावी.

१९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ज्ञान गावाजवळ येईल, ही या भागाची अपेक्षा होती. ती पुरी व्हावयाची तर काही गोष्टी किमान मानल्या पाहिजेत. प्रश्न ठरविताना ज्यांचा प्रश्न आहे ते हजर असावेत. संमती घेताना माहिती कशासाठी आणि कोणाकडे जाणार हे सोप्या मराठीत सांगावे. निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत. मात्र कोणाचे दुखणे कोणाचे, हे कदापि उघड होऊ नये. माहिती गोळा करणाऱ्याच्या श्रमाला दाम मिळावा.

कार्यकर्त्यांनीही आपल्या दप्तराकडे पाहावे. निवडणुकीपूर्वी वस्तीवस्तीतून भरून आणलेल्या याद्या निकालानंतर कोठे जातात? त्या वस्तीत परत जाऊन, तुमच्या सांगण्यातून हे कळले आणि आता हे करावयाचे आहे, असे सांगणारा कार्यकर्ता विरळा. विद्यापीठाकडे बोट दाखविण्यापूर्वी ही सुरुवात पक्षाने स्वतःपासून केली, तर त्या मागणीला वजन येईल.