मुका पियानो



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त मी ज्या नाटककाराविषयी बोलणार आहे, तो ग्रंथालयातच घडला. ऑगस्ट विल्सनचा जन्म १९४५ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात झाला. नेपोलियनवरील निबंध या कृष्णवर्णीय मुलानेच लिहिला, यावर शिक्षकांचा विश्वास बसेना. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि तो कार्नेगी ग्रंथालयात वाचत बसू लागला. पुढे त्याच ग्रंथालयाने त्याला शालान्त पदविका देऊन गौरविले.

१९६५ साली त्याने बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेची जुनी तबकडी ऐकली. गुलामांना साक्षर करणे दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा होता; त्यामुळे या समाजाची स्मृती ग्रंथांपेक्षा गाण्यात अधिक साठली. विल्सनच्या नाट्यलेखनाचा पाया तेथे घातला गेला. विसाव्या शतकातील प्रत्येक दशकावर एक, अशी दहा नाटके त्याने लिहिली.

त्यांतील ‘द पियानो लेसन’ला १९९० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. एका गोऱ्या मालकाने पत्नीला पियानो भेट देण्यासाठी एक गुलाम स्त्री आणि तिचा लहान मुलगा मोबदल्यात दिला. मागे राहिलेल्या तिच्या सुतार पतीने त्या पियानोवर साऱ्या कुळाचे चेहरे कोरले. त्याच्या नातवाने तो पियानो मालकाच्या घरातून पळवून आणला आणि त्यापायी प्राण गमावले. १९३६ साली या नातवाचा मुलगा पियानो विकू पाहतो. जेथे पूर्वज गुलाम म्हणून राबले, तीच जमीन त्याला विकत घ्यावयाची आहे. बहीण नकार देते. परंतु आईच्या मृत्यूनंतर तिने स्वतः पियानोला हात लावलेला नाही.

विल्सन भावाला लोभी ठरवीत नाही. स्वतःची जमीन हीदेखील मुक्तीच. मात्र विकणे आणि मुका ठेवणे, हे दोन्ही मार्ग त्याला अपुरे वाटतात. मृत मालकाचे भूत घरात थैमान घालते, तेव्हा बहीण पियानोपाशी बसते आणि पूर्वजांची नावे घेऊन गाऊ लागते. भूत हटते, भाऊ पियानो न नेता परततो.

शंभर वर्षे जपलेल्या आपल्या ग्रंथसंग्रहापुढेही हाच प्रश्न आहे. जीर्ण पुस्तके पुन्हा बांधून घ्यावीत, हे योग्यच. परंतु सभासदांनी ती घरी नेऊन मुलांना वाचूनही दाखवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.