धावणाऱ्यांची कादंबरी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाचा समारंभ आताच पार पडला. मुलामुलींच्या गुणांवर टाळ्या झाल्या, त्यांत आमच्याही होत्या. त्यानंतर एखाद्या पुस्तकाविषयी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही आणलेले पुस्तक एका अमेरिकन धावपटूची कादंबरी आहे. या सभेत तिचे प्रयोजन काय, असे कित्येकांस वाटेल, म्हणून ते आधी सांगतो.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा रोज पहाटे चारला उठून धावावयास जातो. पदवीचे अखेरचे वर्ष. बक्षीस म्हणावे असे अद्याप काही हाती नाही. बंधू काळजीने म्हणाले, "अण्णा, तुम्ही जन्मभर मुले शिकवलीत. त्याला जरा समजावा." आम्ही पुतण्यास बसवून विचारले, "बाळ, यातून तुला मिळते तरी काय?" तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हे पुस्तक आमच्या मेजावर ठेवून गेला. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. कोश उशाशी घेऊन ते संपवावयास दोन महिने लागले.

पुस्तकाचे नाव 'वन्स अ रनर', लेखक जॉन एल. पार्कर. हे गृहस्थ फ्लोरिडा विद्यापीठात असताना स्वतः मैलाच्या शर्यती धावत, आणि १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारे फ्रँक शॉर्टर यांच्यासमवेत त्यांनी सराव केलेला. १९७८ साली त्यांनी पदरमोड करून ही कादंबरी छापली आणि शर्यतींच्या ठिकाणी मोटारीच्या डिकीतून विकली. पुढे ती वर्षानुवर्षे दुर्मीळ झाली. जुन्या प्रती मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकल्या जात. अखेर २००९ साली स्क्रिब्नर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने तिची नवी आवृत्ती काढली. मधली एवढी वर्षे ती धावणाऱ्यांनीच हातोहात जगविली, असे म्हणावयास हरकत नाही.

कथानक लहान आहे. क्वेंटन कॅसिडी हा विद्यापीठातील विद्यार्थी मैलाचा धावपटू. मैल म्हणजे सुमारे १६०९ मीटर, मैदानाच्या चार फेऱ्या. रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे हे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले, तोवर चार मिनिटांच्या आत ते कोणासही साधले नव्हते. कॅसिडीस ती वेळ आणखी खाली आणावयाची आहे. व्हिएतनाम युद्धाचा तो काळ. खेळाडूंच्या वेशभूषेवरील व वर्तनावरील जाचक नियमांविरुद्ध अर्ज निघतो, त्यात कॅसिडीवर ठपका येऊन त्यास संघातून दूर केले जाते. तो शिक्षण सोडतो, प्रिय मैत्रिणीस अंतरतो आणि ब्रूस डेंटन या ऑलिंपिक विजेत्याच्या सांगण्यावरून रानातल्या एका झोपडीत एकटा राहून सराव करतो. शेवटी एक मोठी शर्यत आहे. तिचा निकाल आम्ही सांगत नाही.

परंतु शर्यतीची पाने थोडी. बाकीची पाने पहाटे उठणे, पाऊस, दुखरे पाय, पुन्हा धावणे, जेवणे, झोपणे यांनी भरली आहेत. एका दिवशी तर कॅसिडी पाव मैलाचे अंतर साठ वेळा वेगाने धावतो, म्हणजे एकूण पंधरा मैल. (तरुणांनी याचे अनुकरण करू नये, तो वेडाचार आहे, आणि लेखकाने त्याचे जरा अधिकच कौतुक केले आहे.) ते पाहावयास प्रेक्षक नाहीत. आम्ही प्रथम कंटाळून ही पाने उलटली, मग परत फिरून वाचली. धावणाऱ्यास हे पुस्तक प्रिय का, त्याचे उत्तर या कंटाळवाण्या पानांतच असावे. त्याच्या आयुष्याचा जो नऊदशांश भाग घरचे लोकही पाहात नाहीत, तो येथे कोणी न लाजता, न फुगविता मांडला आहे.

दोषही आहेत. स्त्रीपात्रे निर्जीव आहेत, विद्यार्थ्यांची भाषा पुष्कळदा ग्राम्य आहे, आणि सामान्य माणसाविषयी लेखकास किंचित तुच्छता वाटते, ती आम्हांस रुचली नाही.

तथापि एक गोष्ट मनास लागून राहिली. गवयाचा रियाज आपण मानतो, पहिलवानाची तालीम मानतो. धावणाऱ्यास मात्र मिळते काय, असे विचारतो. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले, तेव्हा घराघरांत पेढे वाटले गेले. त्या आठ मिनिटांमागील वर्षांत आपण त्यांस भेटलो असतो, तर काय म्हणालो असतो? आम्ही काय म्हणालो असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. मास्तर असताना धावण्याचा नाद असलेल्या एका विद्यार्थ्यास परीक्षेचे वर्ष म्हणून आम्ही मैदान बंद केले होते. तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. मैदानावर पुन्हा कधी दिसला नाही, आणि त्याचे आम्हांस त्या वेळी समाधानच वाटले होते.

परवा बंधूंनी विचारले, "समजावलेत का त्याला?" आम्ही म्हणालो, "नाही. तूच हे वाच, कोश आमच्याकडून घेऊन जा." बंधू आज सभेत पुढेच बसले आहेत. अद्याप पहिल्याच प्रकरणात आहेत, असे कळते.